ताईचा भात आणि माझं रक्त

फोन आला तेव्हा माझ्या डाव्या हाताच्या शिरेत सुई होती. रविवारची सकाळ, चहा झालेला, आणि मी नेहमीप्रमाणे जेवणाच्या टेबलाशी बसून स्वतःला इंजेक्शन देत होतो. मला जन्मापासून हिमोफिलिया आहे. म्हणजे रक्त गोठवणारं एक प्रथिन, ज्याला आम्ही रुग्णमंडळी नुसतं ‘फॅक्टर’ म्हणतो, ते माझ्या शरीरात तयारच होत नाही; ठरल्या वारी बाहेरून घ्यावं लागतं. फोन माझ्या बायकोने, सुनीताने घेतला. ती नुसतं “हो... हो भाऊजी... कधी?” एवढंच म्हणत राहिली आणि माझ्याकडे बघायचं टाळू लागली, तेव्हाच मला कळलं. माझी थोरली बहीण वसुधा, आमची ताई, गेली होती. सकाळी ओट्याशी उभी असताना डोकं दुखतंय म्हणाली आणि खाली बसली. मेंदूत रक्तस्राव झाला होता, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. मी उठलो नाही. सिरिंज सावकाश, अगदी सावकाश दाबत राहिलो, कारण “एकदा सुई शिरेत गेली की आभाळ कोसळलं तरी हात हलवायचा नाही” हे मला तिनेच शिकवलेलं होतं. शेवटचा थेंब आत गेला, सुई काढली, कापूस दाबून धरला आणि मग मला रडू फुटलं.

आमच्या घरात सगळ्यांनी तयारी माझी केलेली होती. मी दहावी होईन का, विशीत पोचेन का, लग्न करावं का, यावर माझ्यासमोर चर्चा व्हायच्या, जसा काही मी शेजारच्या खोलीत आहे. पुढे मी एका विमा कंपनीत चिकटलो. तिने माझा विमा उतरवायला नकार दिला होता आणि नोकरी मात्र दिली. तिथे मी निवृत्त होईपर्यंत इतरांचे विमे उतरवत बसलो. आणि रक्त वाहतं तर माझं, पण रक्तस्रावाने गेली ती. धडधाकट, रोज सकाळी फिरायला जाणारी, माझ्या नावाने सगळ्या डॉक्टरांशी भांडणारी. ही गोष्ट मला अजून पटलेली नाही. तीन-चार आठवडे होऊन गेले, लोक भेटून गेले, ‘ईश्वरेच्छा’ वगैरे म्हणून गेले. म्हणू देत बापडे.

ती गेल्यावर एक-दोघांनी लिहिलं की भावाच्या दुखण्यापायी ही मुलगी शास्त्रज्ञ झाली. साफ खोटं आहे आणि हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर तिला आवडणार नाही. तिला रोपं आवडायची, म्हणून ती वनस्पतिशास्त्राकडे गेली. आम्ही लहानपणी स्वारगेटजवळ दोन खोल्यांत राहायचो. तिथे ना अंगण ना गच्ची, तरी ही पावडरच्या डब्याच्या झाकणात मेथी पेरायची, ते खिडकीच्या गजाशी ठेवून त्याला वाटीने पाणी घालायची आणि आईची बोलणी खायची. माझा गुडघा सुजला की बर्फ आणायला तीच जायची. भुशातली लादी गोणपाटात गुंडाळून आणेपर्यंत तिचा फ्रॉक भिजून चिंब. एकदा एक काकू माझ्याकडे बघून हळहळल्या, “पोरगं म्हणजे नुसतं काचेचं भांडं हो!” ताई तेव्हा नववी-दहावीत असेल. ती वही बंद न करताच म्हणाली, “काचेचं भांडं एवढं खात नाही, काकू.” काकूंनी पुढे बरेच दिवस आमच्याकडे चहा घेतला नाही. आईला राग आला, पण तोंडावर पदर धरून हसलेली मी बघितली होती.

लग्न ठरायच्या वेळी मात्र ती गंभीर झाली. हा आजार आईकडून मुलाला येतो आणि मुलींमध्ये तो न दिसता पुढे जातो. आपल्यातही तो लपलेला आहे हे तिने तपासून घेतलं होतं. माधवराव बघायला आले, पोहे झाले, आणि ही सगळ्यांसमोर म्हणाली, “मला मूल नकोय. कारणही सांगते.” कारण सांगितलं. आईने मान खाली घातली. मी कोपऱ्यात पाय पसरून बसलो होतो, गुडघ्याला पट्टी, म्हणजे कारण समोरच बसलेलं. माधवराव जरा विचार करून म्हणाले, “बरं. मांजर चालेल?” एवढंच. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या घरी पुढे कायम एक ना एक मांजर असायचंच. मी त्या माणसाला त्या दिवसापासून भाऊजी म्हणतो आणि मनापासून म्हणतो.

माझ्या रक्ताचा आणि तिच्या भाताचा संबंध आला तो पुढे बऱ्याच वर्षांनी. ती पाषाणच्या बाजूला एका संशोधन संस्थेत होती. भातावर काम करायची आणि भातातच रमलेली होती. एके दिवशी आमच्याकडे जेवताना हातातला घास तसाच धरून म्हणाली, “नंदू, तुझं ते प्रथिन भाताच्या दाण्यात करता येईल असं वाटतंय.” मग तिने समजावलं. माणसाच्या शरीरात एखादं प्रथिन कसं बनवायचं याची सूचना असते, ती म्हणजे जनुक. ती सूचना भाताच्या रोपात बसवायची. रोपाला काय, आपण कुणाचं काम करतोय याचा पत्ताही नसतो. दाणा भरताना ते पिठासोबत हेही प्रथिन भरून ठेवतं. दाणा वाळला की आतलं औषध वर्षभर टिकतं, आणि लागेल तेव्हा दळायचं, पीठ खारट पाण्यात कालवायचं, गाळायचं, आणि त्या पाण्यातून हवं ते एकच प्रथिन वेगळं काढायचं. “म्हणजे कुरडयांचा चीक काढतो तसं?” आईने विचारलं. ताई खूश झाली. “अगदी तसंच गं! फक्त तू वरचं पाणी ओतून देतेस आणि चीक ठेवतेस. मी चीक टाकणार आणि पाणी ठेवणार.” आईला ते पाणी टाकून न देण्याचं फार कौतुक वाटलं. तेव्हा आमच्यासारख्यांना फॅक्टर मिळायचा तो परदेशातून यायचा, आणि न मिळण्याचे दिवसच जास्त असायचे. भातात झालं तर इथल्या इथे, पोत्यांनी करता येईल, कुणाच्या पोराला गुडघा धरून रडत बसावं लागणार नाही, असं ती म्हणाली. त्या दिवसापासून आमचं सगळं घर त्या भाताकडे डोळे लावून बसलं. मी तर सगळ्यात जास्त.

ते काम जितकं नाजूक तितकंच सोवळ्याचं. मी सोवळं म्हणतोय ते मुद्दाम. माणसाचं जनुक बसवलेला भात बाहेरच्या भातात मिसळता कामा नये. एक दाणा जरी कुठे पडला, उगवला, कुणाच्या शेतात मिसळला, तर ज्याला औषध नकोय त्याच्या ताटात औषध जाणार. म्हणून ते काचघर बंदिस्त. आत जायचं तर बाहेरच्या चपला काढून आतल्या घालायच्या, खिसे नसलेला डगला, केसांना टोपी. येताना आधी केस विंचरायचे, मग कपडे झटकायचे, मग जाड ब्रशने तळवे घासायचे, आणि जे पडेल ते सगळं डब्यात, तिथून भट्टीत. ताई गजरा घालायची बंद झाली. सलवारीची दुमड तिने उसवून टाकली, कारण दुमडीत दाणा अडकतो. तिच्या प्रयोगशाळेत डब्यात भात आणायला बंदी होती; कोकणातून आलेली दोन पोरं पोळ्या खाऊन कंटाळायची आणि रविवारची वाट बघायची. आणि काचघराच्या दारावर तिने स्वतःच्या हाताने लिहिलेली पाटी होती: ‘आत भात आहे. डब्यात भात आणू नये. बाहेर जाताना फक्त स्वतःला न्यावे.’ पाहुणे शास्त्रज्ञ त्या पाटीचे फोटो काढायचे. ताईला त्यात काय विनोद आहे हे कळायचं नाही.

हे सोवळं घरीही आलं. विश्रांतवाडीच्या घरी दारामागे खिळ्याला काथ्याचा एक ब्रश टांगलेला असायचा. बाहेरून आलं की चप्पल उलटी करायची, तळ बघायचा, घासायचा, मगच आत. भाऊजींनी हे निमूट मान्य केलं. मांजराला मात्र बाहेरच जाऊ दिलं नाही. मग एक दिवस ती सहकारनगरला आमच्याकडे ब्रश आणि खिळा दोन्ही घेऊन आली. “अगं, तू महिन्यातून दोनदा येतेस, त्यासाठी आमच्या भिंतीला भोक?” मी म्हणालो. “मी महिन्यातून दोनदा येते, पण दाण्याला एकदाच पुरतं,” ती म्हणाली आणि हातोडी मागितली. घरात हातोडी नव्हती. मला लागेल म्हणून आईने अशा वस्तू कधी ठेवल्याच नव्हत्या. तिने खिळा वरवंट्याने ठोकला.

पहिल्या काही हंगामांत दाण्यात प्रथिन तयार व्हायला लागलं, पण त्यात जोर कमी होता. दिसायला तेच, पण रक्त गोठवायचं म्हटलं की ढिलं पडायचं. त्यावर तिचे प्रयत्न चाललेले असतानाच माझ्यावर ती पाळी आली. पोटामागच्या स्नायूत रक्त साठायला लागलं. पाय उचलेना, मांडी बधिर, दुखणं असं की खाटेची कड चावावीशी वाटायची. शहरात फॅक्टर कुठेच नव्हता. येतोय, मुंबईहून निघालाय, उद्या मिळेल, एवढंच ऐकू यायचं. भाऊजी स्कूटरवरून ओळखीच्या, बिनओळखीच्या लोकांकडे रक्त मागत फिरत होते आणि डॉक्टर त्या रक्तातला प्लाझ्मा मला चढवत होते. त्याने भागत नव्हतं. आणि ताईच्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये तिने भातातून काढलेल्या प्रथिनाच्या बाटल्या होत्या. हे मला माहीत होतं, आईलाही माहीत होतं.

आईने दवाखान्याच्या व्हरांड्यात नाही, माझ्या खाटेशीच विचारलं. “वसू, तुझ्या त्या भातातलं दे की याला.” ताई म्हणाली, “आई, ते अजून उंदरालासुद्धा दिलेलं नाही.” आई म्हणाली, “उंदराची काळजी मला नको सांगूस!” आई कधी ओरडायची नाही. त्या दिवशी ओरडली. परिचारिका धावत आली. मी म्हणालो, “ताई, दे. मी सही करून देतो, माझ्या जबाबदारीवर.” ती माझ्या पायाशी उभी होती. ती जे बोलली ते मला शब्दन् शब्द आठवतंय. “तुला दिलं आणि तुला काही झालं, तर मी पुन्हा भाताकडे बघू शकणार नाही. आणि दिलं आणि तुला काही झालं नाही, तर पुन्हा कुणाला नाही म्हणू शकणार नाही. उद्या एखादी आई येईल, परवा दुसरी येईल... नंदू, मी नाही देणार.” मग ती खाली बसली आणि फॅक्टर येईपर्यंत तिथून हलली नाही, घोटभर पाणीसुद्धा प्यायली नाही. फॅक्टर आला, मी वाचलो. पण साठलेल्या रक्ताने पायाची नस दाबली गेली होती, डावा पाय तेव्हापासून ओढत चालावं लागतं. काठी तेव्हाची. आई तिच्याशी कित्येक महिने कामापुरतं बोलत होती. मीही चिडलो होतो आणि लपवत कशाला, काठी हातात घेतली की आजही अधूनमधून चिडतो. तिचं बरोबर होतं हे मला कळतं. माझ्या पायाला कळत नाही.

तिने मात्र त्यानंतर कामाला असं जुंपून घेतलं की भाऊजी म्हणायचे, “घरात एक मांजर असतं आणि एक बाई अधूनमधून येते.” प्रथिनाला जोर आणणारं जे शेवटचं बारीकसं काम भाताच्या रोपाला जमत नव्हतं त्यासाठी तिने त्यात आणखी एक जनुक बसवलं. दोन-तीन पिढ्या पेरल्या, उपटल्या. आणि मग एका वर्षी तिचा फोन आला. “नंदू, गोठलं! नळीत तुझ्यासारख्याच एकाचं रक्त घेतलं होतं, त्यात टाकलं आणि गोठलं रे!” तिला फोनवर रडताना मी तेवढं एकदाच ऐकलं. एका कंपनीने पाठीशी उभं राहायचं ठरवलं. प्राण्यांवरच्या चाचण्यांसाठी पुरेल एवढं प्रथिन हवं होतं, म्हणून सबंध काचघरभर तोच भात लावला गेला. लोंब्या धरल्या, दाण्यात दूध भरायला लागलं. दोन वर्षांत, तीन वर्षांत, कदाचित त्याहून थोडं जास्त... पण तिचा भात माझ्या शिरेत पोचणार, हे आता स्वप्न राहिलं नव्हतं. आईनेही अबोला सोडला. “काय म्हणतोय तुझा भात?” असं ती लेकीला विचारायला लागली, एखाद्या नातवंडाची चौकशी करावी तसं.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ताई कामावरून थेट आमच्याकडे आली. येताना मंडईत उतरून झेंडू घेतला होता. दारात तिने सवयीने चप्पल उलटी केली, ब्रश काढला, आणि तशीच थांबली. मी आतून म्हणालो, “अगं ये की आत, चहा गार होतोय.” उत्तर नाही. बाहेर जाऊन बघतो तर ती पायरीवर बसलेली, मांडीवर चप्पल, आणि तळाच्या खाचेत अडकलेला साळीचा एक दाणा. तुसासकट. पिवळा, टपोरा.

“अगं, उद्या दसरा आहे,” मी म्हणालो. “सगळ्या बाजारात लोंब्यांची तोरणं विकायला बसलेत. त्यातला असेल. चालतेस कुठून कुठून!” सुनीताही तेच म्हणाली. आईही म्हणाली. पुण्यात दसऱ्याला झेंडूबरोबर भाताच्या लोंब्या दारावर लावतात, रस्त्यावर त्याचा सडा पडलेला असतो, हे काय तिला सांगायला हवं होतं? ती म्हणाली, “असेल. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तसंच असेल. पण आमच्या बियाण्याचा दाणाही असाच दिसतो.” आईच्या देव्हाऱ्यातली पितळी कुंकवाची डबी तिने मागून घेतली, कुंकू कागदावर काढलं, चिमट्याने तो दाणा उचलून डबीत ठेवला आणि झाकण घट्ट लावलं. मी म्हणालो, “मग तपास की उद्या. बाजारातला निघाला तर कुणाला सांगायचाही प्रश्न नाही.” ती चप्पल न घालता उभी राहिली. “आधी सांगायचं, मग तपासायचं. आधी तपासलं आणि तो आमचा निघाला, तर सांगायचा मोह मलाही टळेल असं मला वाटत नाही... म्हणजे न सांगायचा.” बोलताना तिची जीभ अडखळली, म्हणून मला कळलं की ती किती घाबरली आहे. आमच्याच घरातून तिने संचालकांना फोन लावला. मग सुनीताच्या स्लिपर घालून, चप्पल पिशवीत बांधून ती रिक्षाने गेली. झेंडू आमच्याकडेच राहिला.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो, कारण लांबवण्यात मला सुख नाही. नियमाप्रमाणे काम थांबलं. समिती आली. दाणा आतून आला असेल तर कुठल्या वाटेने आला, हे काही सापडेना; आणि वाट सापडत नाही तोवर उभं पीक ठेवायचं नाही, असं ठरलं. ताईने विरोध केला नाही. रोपं उपटली, मोठ्या बंद भांड्यात वाफेवर उकडली, मग भट्टीत घातली. त्या दिवशी भाऊजी आणि मी तिला न्यायला गेलो होतो, फाटकाबाहेर उभे होतो. दूध भरलेले दाणे वाफेवर चढले आणि सगळ्या आवारात भात शिजल्याचा वास सुटला. अगदी घरच्यासारखा, भूक लागावी असा. भाऊजींनी रुमाल नाकाला लावला, मला वाटलं सर्दी झाली असेल. ताई बाहेर आली ती नेहमीसारखी तळवे घासून, केस विंचरून.

आणि आठवड्याभराने तपासणीचा निकाल आला. दाणा बाजारातला होता. साधा, कुठल्याही शेतातला, दसऱ्याच्या तोरणातून गळलेला.

बियाणं शिल्लक होतं, पुन्हा पेरता आलं असतं. पण कंपनीचं मन बदललं. जिच्या चपलेला दाणा सापडू शकतो तिच्याकडे पुढे काय होईल, असा त्यांचा विचार, आणि त्यांनी हात काढून घेतले. हंगामावर हंगाम गेले. तोवर दुसरीकडे पेशी मोठाल्या टाक्यांमध्ये वाढवून हेच प्रथिन बनवायला लागले, ते आपल्याकडे येऊ लागलं, सरकारी दवाखान्यांत मिळू लागलं. मीही तेच घेतो. भाताची कुणाला गरज उरली नाही. मी एकदा तिच्यावर भडकलोच होतो. “एका बाजारातल्या दाण्यासाठी तू सगळं उभं पीक घालवलंस! आयुष्यभराचं काम! तो तुझा नव्हताच!” ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तपासेपर्यंत दाणा माझाच होता, नंदू.” मी तिच्यासमोरची निम्मी मेथी ओढून निवडायला लागलो.

निवृत्तीच्या दिवशी ती संस्थेतून बाहेर पडली तेव्हा हातात काही नव्हतं. शाल, श्रीफळ, मानचिन्ह, सगळं सहकाऱ्यांना देऊन आली. पाटीवर लिहिल्याप्रमाणे फक्त स्वतःला घेऊन. त्यानंतर रविवारी ती कधी आमच्याकडे असली तर माझं इंजेक्शन ती बघायची. बाटलीवरचं बारीक अक्षर चष्मा वर करून वाचायची. कुठे बनलं, कशात वाढवलं, सगळं. जायच्या महिनाभर आधी अशीच ती आली होती. मी सुई काढली, कापूस दाबला, आणि धीर करून विचारलं, “ताई, वाईट वाटतं का गं?” तिने रिकामी बाटली उजेडात धरली. “रोज वाटतं,” ती म्हणाली. “रोज. तुला काय वाटलं, मी दगड आहे?” मग बाटली खाली ठेवली. “पण पोचलं ना तुझ्यापर्यंत? माझ्या हातून नाही, कुणाच्या तरी हातून. तू काठी टेकत का होईना, चालतोयस. आता चहा कर, सुनीता दमली आहे.” ही आमची शेवटची भेट. मी चहा केला. तिने साखर कमी झाली म्हणून नावं ठेवली.

दहाव्याला घाटावर मी आणि भाऊजी गेलो. भाऊजींनी विधी केले. पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरलो न सरलो तोच कावळ्याने झडप घातली. गुरुजी म्हणाले, “चला, बाईंची काही इच्छा राहिली नव्हती.” इच्छा कशी राहिली नव्हती? चांगली काचघरभर राहिली होती. तिला कुणाला ताटकळत ठेवणं आवडायचं नाही, एवढंच. कावळ्यांच्या झटापटीत भात इकडेतिकडे उडाला होता, त्यातून वाट काढत, काठी सांभाळत आम्ही पायऱ्या चढलो. रिक्षात विश्रांतवाडीपर्यंत भाऊजी माझा हात धरून बसले होते.

घराच्या दारात पोचलो. मी सवयीने बेल दाबायला हात पुढे केला, तेवढ्यात बघतो तर भाऊजी भिंतीला टेकून, एका पायावर उभे, चप्पल हातात उलटी. मग मीही काठी कोपऱ्यात ठेवली, पायरीवर बसलो आणि माझी चप्पल उलटी केली. तळाच्या खाचेत पिंडाचा भात अडकला होता. तीन-चार शितं, काळे तीळ चिकटलेली. भाऊजींच्याही चपलेला होती. भाऊजींनी कुलूप काढून दार ढकललं, दारामागच्या खिळ्यावरून ब्रश काढला आणि बाजूच्या फळीवरची ती पितळी कुंकवाची डबी. आईची डबी. ताईने ती परत केलीच नव्हती. झाकणाच्या कडेला अजून कुंकू होतं. त्यांनी झाकण उघडून ती माझ्यापुढे धरली.

“अहो भाऊजी,” मी म्हणालो, “हा पिंडाचा भात आहे. शिजलेला. हा कुठे उगवायचाय?”

भाऊजींनी डबी मागे घेतली नाही.

“तपासेपर्यंत तिचाच आहे,” ते म्हणाले.

मी शितं एकेक करून ब्रशने डबीत उतरवली. मग त्यांच्या चपलेची. झाकण लावलं, ब्रश खिळ्याला अडकवला. आतून मांजर ओरडत होतं, त्याला सकाळपासून कुणी दूध घातलं नव्हतं. आम्ही पाय धुऊन आत गेलो.